शनिवारची पाच मिनिटं

भाऊबीजेनंतरच्या मंगळवारी सकाळी पावणेनऊ वाजता बाबा, आई आणि मी आमच्या जीपमधून सौंसरहून पांढुर्ण्याला निघालो. जीपच्या मागून पांढरा धूर येत होता आणि गाडी जागेवर उभी राहिली की बाजूचा आरसा इतका थरथरायचा की त्यात काही दिसत नसे. निघताना आईने घराला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली. एरवी ती बाबांच्या खिशात असायची. पांढुर्ण्यात मेश्राम मिस्त्री इंजिन उघडून पाहणार होता. त्यात घासलेटाची खूण निघाली तर आईने पुन्हा कधी भावाच्या घराचं नाव काढायचं नाही आणि निघाली नाही तर तिला कोणी अडवायचं नाही, असं ठरलं होतं. ठरवलं आईने होतं. बाबांनी मान हलवली होती, कारण त्यांना निकालाबद्दल शंका नव्हती.

जीप डिझेलची होती, सरकारी लिलावात घेतलेली. अंगणात रामफळाच्या झाडापलीकडे पत्र्याचं छप्पर घालून बाबांनी तिच्यासाठी जागा केली होती. माणसांसाठी घरात इतकी प्रशस्त खोली नव्हती. संत्र्याच्या बगीच्यात जायला बाबा सायकल वापरत, सौंसरच्या बाजारात पायी जात आणि नागपूरला बसने. जीप लग्नाला निघायची, क्वचित कोणी फारच आजारी असलं तर. वर्षभरात ती किती चालायची ते मला नेमकं सांगता येणार नाही, पण टायरची नक्षी कोरी होती आणि मागच्या सीटवरचं प्लास्टिक बाबांनी काढू दिलं नव्हतं. घरात ताट आपटलं तर चालत असे, जीपचं दार आपटलेलं चालत नसे. आईचा एक शब्द होता जीपसाठी: सवत. तो ती बाबांच्या समोर वापरायची.

शनिवारी सकाळी मारुतीला जाऊन आले की बाबा जीपच्या बॉनेटवर उदबत्ती लावत, नारळाचं पाणी शिंपडत आणि इंजिन सुरू करत. मनगटावरचं घड्याळ पाहत शेजारी उभे राहत. पाच मिनिटं झाली की बंद. गाडी एक हात पुढे नाही, एक हात मागे नाही. इंजिन मोकळं राहतं, बॅटरी जिवंत राहते, असं त्यांचं म्हणणं होतं आणि या बाबतीत त्यांनी कोणाला कधी विचारलं नव्हतं. माझ्या बालपणातल्या शनिवारांचा आवाज तोच आहे: आधी मारुतीच्या देवळातली घंटा, मग स्टार्टरची घरघर, मग पत्र्याच्या छपराचा बारीक खणखणाट, आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज, ‘झालं का तिचं? इथं पोहे थंडे होऊन राहिले.’ थंडी असो, पाऊस असो, घरात ताप असो, शनिवार चुकला नाही. माझ्या धाकट्या काकांच्या तेराव्याला शनिवार आला तेव्हाही बाबा पंगतीतून उठून पाच मिनिटं अंगणात जाऊन आले.

भांडण मामामुळे लागलं, असं घरात म्हटलं जाई. आईचा थोरला भाऊ, गुलाबमामा, मोहगावला राहायचा. त्याच्या मुलाचं लग्न अक्षय तृतीयेच्या सुमारास होतं आणि वरातीसाठी त्याने जीप मागितली. बाबांनी दिली. का दिली ते मला आजही समजलेलं नाही. बहुधा चारचौघांसमोर मागितली म्हणून. तीन दिवसांनी जीप परत आली तेव्हा बॉनेटवर हळदीच्या पंजांचे ठसे होते, सीटखाली सुपारीची टरफलं होती आणि मागच्या सीटचं प्लास्टिक फाटलेलं होतं. बाबांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग धुरांड्यापाशी वाकून वास घेतला.

‘घासलेट टाकलं यानं,’ ते म्हणाले. ‘डिझेलचे पैसे वाचवाले घासलेट टाकलं.’

आई म्हणाली, ‘माझा भाऊ असं नाही करत.’

‘तुझा भाऊ काय करते ते मले नको सांगू.’

मामाला हे विचारलं गेलं ते घरात नाही, सौंसरच्या बाजारात, संत्र्याच्या आडतीवर, आठ-दहा माणसं उभी असताना. बाबांनी मोठ्याने विचारलं, ‘काय गुलाबराव, किती डबे घासलेट पाजलं आमच्या गाडीले?’ लोक हसले. मामा रागीट होता. तो म्हणाला, ‘दोन डबे पाजले. काय करता? फाशी देता?’ मामाने घासलेट टाकलं नव्हतं. हे मला मामाने नंतर स्वतः सांगितलं आणि मामीने वेगळं, तो नसताना, सांगितलं. पण आडतीवरचं वाक्य दहा जणांनी ऐकलं होतं आणि बाबा ते कबुलीजबाब म्हणून वापरू लागले. त्या दिवसापासून आईचं मोहगाव बंद झालं.

त्याच आठवड्यात बाबांनी मला एक वही दिली. मी तेव्हा अकरावीत होते, अक्षर चांगलं होतं. दर शनिवारी मी पत्र्याखाली उभं राहून लिहायचं: धूर, रंग, किती वेळ, हादरा, वास. त्यांना पुरावा हवा होता. ‘लिहून ठेव, शोभे. उद्या पंचाईत बसली तर कामी येईन.’ मी लिहीत गेले. पहिल्या पानावरची पहिली नोंद मला पाठ आहे. धूर: नाही. हादरा: नाही. वास: घासलेटाचा, असं बाबा म्हणतात. दुसऱ्या शनिवारी मी ‘असं बाबा म्हणतात’ पुन्हा लिहिलं. तिसऱ्या शनिवारपासून वासाचा रकाना मी रिकामा सोडला. बाबा दर शनिवारी विचारायचे, ‘लिहिलं का?’ वही उघडून त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

पुढे वर्तमानपत्राच्या टेबलावर मी आयुष्य काढलं आणि कोणी काय म्हणालं आणि काय झालं हे वेगळ्या ओळीत लिहायची सवय तिथे लागली असं लोक समजतात. ती त्या पत्र्याखाली लागली होती. त्यात माझं कौतुक करण्यासारखं काही नाही, कारण वहीत काय आहे हे मला माहीत असूनही मी ते कोणाला सांगितलं नाही.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मामा स्वतः सौंसरला आला. हातात साडीचा पुडा होता. आईने पाट मांडला होता, अनारसे केले होते, निरांजन पुसून ठेवलं होतं. बाबा ओट्यावर बसले होते. मामाने पायातल्या चपला काढल्या तेव्हा बाबा म्हणाले, ‘डबा कुठी आहे? रिकाम्या हातानं आले का?’ मामाने चपला पुन्हा घातल्या. पुडा ओट्यावर ठेवून तो गेला. आईने ती साडी नेसली नाही आणि कोणाला दिलीही नाही.

घरातलं बोलणं त्यानंतर आटलं. आई बाबांना ‘ताट वाढलं’ एवढंच म्हणायची, तेही भिंतीकडे पाहून. तिची पातोडीची भाजी सौंसरात नावाजलेली होती. ती तिने करायची सोडली. बाबांनी एकदा विचारलं तर म्हणाली, ‘मोहगावची रीत आहे ती. या घरात कशी चालंन?’ रोज वांगं, रोज भाकर, रोज पातळ वरण. मामाच्या नातवाचं बारसं झालं, आई गेली नाही. मामी अंगावर गरम तेल सांडून दवाखान्यात होती, आई गेली नाही. दरम्यान जीप खरोखरच बिघडली. आधी धूर, मग हादरा. पावसाळ्यानंतर तर शनिवारी धुराने अंगण भरायचं, डोळे चुरचुरायचे, वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागायचा. बाबांना त्यात समाधान होतं. धुराकडे बोट दाखवून ते म्हणायचे, ‘पाय, तुझ्या भावाचं पुण्य निघून राहिलं.’

दुसऱ्या भाऊबीजेला मामा आला नाही. संध्याकाळी आईने निरांजन लावलं, ताटात सुपारी, कुंकू, अक्षता घेतल्या आणि अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलं. आमच्याकडे ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. शेजारच्या दोन बायकांनी ते पाहिलं. बाबांनीही पाहिलं आणि ते म्हणाले, ‘हे काय तमाशे करून राहिली? लोकाईले वाटंन गुलाब मेला.’

आई ताट घेऊन तशीच उभी राहिली. ‘माह्यासाठी तुमी त्याले मारलाच आहे. आता एक काम करा. गाडी मिस्त्रीले दाखवा. घासलेट निघालं तर मी मोहगावचं नाव काढणार नाही. नाही निघालं तर मी जाईन, अन् तुमी तोंड उघडायचं नाही. अन् मी संगं येतो. मले माह्या कानानं ऐकायचं आहे.’

बाबा हसले. ‘चाल.’

मेश्राम मिस्त्रीचं गॅरेज पांढुर्ण्यात बसस्टँडपासून थोडं पुढे होतं. बाबांनी मुद्दाम पांढुर्णा निवडलं, कारण सौंसरचे मिस्त्री मामाला ओळखत. मेश्राम पन्नाशीचा, बारीक, कमी बोलणारा माणूस होता. गॅरेजच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली आकाराप्रमाणे ओळीने टांगलेले पाने. त्याने आधी बॉनेट उघडलंच नाही. इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि मागे जाऊन धुरासमोर तळहात धरला. हात ओला झाला. तो हुंगून त्याने पँटला पुसला.

‘सौंसरहून चालत आली?’

‘हो,’ बाबा म्हणाले.

‘रस्त्यानं धूर कमी झाला होता?’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे बसले होते. ‘अर्ध्या रस्त्यानंतर कमी झाला होता,’ मी म्हणाले. ‘थांबलो की पुन्हा वाढला.’

‘हं.’ त्याने पहार घेतली आणि इंजिन ज्या रबरांवर बसलेलं असतं ती एकेक उचलून पाहिली. ‘रबर धड आहेत. हादरा इंजिनच्या आतून येऊन राहिला.’

‘ते मले माहीत आहे,’ बाबा म्हणाले. ‘घासलेट आहे आत. ते सांगा.’

‘साहेब, मी इंजिनले विचारतो. तुमी मंग बोला.’

त्याने जे केलं ते मी नंतर कोणत्याही मिस्त्रीला इतकं सावकाश करताना पाहिलं नाही. आता माझ्या भाच्याची गाडी बिघडली की स्टिअरिंगसमोर दिवा लागतो आणि पोरगा तारेने यंत्र जोडून आकडा वाचतो. मेश्रामने इंजिन चालू ठेवून डिझेलच्या चार बारीक नळ्यांचे नट एकेक करून ढिले केले. पहिला ढिला केला तसं इंजिन अडखळलं, आवाज खाली बसला. घट्ट केला, पुन्हा सुधारला. दुसऱ्याला तसंच. तिसरा ढिला केला. नळीतून डिझेल ठिबकलं, पण इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडला नाही. चौथ्याला पुन्हा अडखळलं. त्याने परत तिसरा ढिला करून बाबांना कान लावायला सांगितलं.

‘तीन बैल ओढून राहिले, एक नुसता चालून राहिला,’ तो म्हणाला. ‘म्हणून हादरा. अन् त्याच्यात गेलेलं डिझेल जळत नाही, तसंच बाहेर येते. म्हणून धूर. हा धूर पांढरा आहे अन् डोळ्यात झोंबते. ऑईल जळलं असतं तर निळा राहिला असता.’

इंजिन बंद करून त्याने तिसऱ्या नळीखालचं नोझल काढलं, हातपंपाला लावून दाबलं. त्यातून फवारा यायला हवा होता. थेंब गळत होते. टोकावर काळा, ओला गाळ चिकटलेला होता. मग त्याने डिझेलच्या फिल्टरखालचा बोल्ट सोडून काचेच्या बाटलीत धार धरली. बाटली उन्हात ठेवली. थोड्या वेळाने तळाशी दोन बोटं गढूळ पाणी बसलं आणि वर डिझेल. शेवटी ऑईल भरायच्या तोंडावरचं झाकण काढून उलटं केलं. आतल्या बाजूला ताकावर येणाऱ्या लोण्यासारखा पिवळट फेस चिकटला होता.

आई स्टुलावर बसली होती. ती उठून जवळ आली आणि बाटली हातात घेऊन पाहिली. ‘हे काय आहे, भाऊ?’

‘पाणी, बाई.’

‘घासलेट नाही?’

‘घासलेटानं पाणी होत नाही. हा लोण्यासारखा फेस पण होत नाही.’ तो बाबांकडे वळला. ‘किती चालवता ही?’

बाबा म्हणाले, ‘चालवत नाही. पण निगा राखतो. दर शनवारी चालू करतो. पाच मिनिटं. एक शनवार चुकवला नाही.’

मेश्रामने हातातला पाना खाली ठेवला. ‘पाच मिनिटं? अन् मंग बंद?’

‘मंग?’

‘साहेब, पाच मिनिटात इंजिन फक्त घाम येईपर्यंत गरम होते. तो घाम वाळत नाही, आतच राहते. डिझेल पूर्ण जळत नाही, नोझलवर चिकटते. टाकी अर्धी रिकामी, तिच्यात पण पाणी धरते. दर शनवारी तुमी हेच केलं. त्यापरीस बॅटरी काढून नुसती उभी ठेवली असती तर बरी राहिली असती.’

गॅरेजमध्ये दोन गिऱ्हाईकं बसली होती. त्यातलं एक हसलं. बाबांचा चेहरा लाल झाला. ‘तुमी मले शिकवू नका. बारा वर्षांपासून करून राहिलो. तेव्हा नाही बिघडली अन् माह्या साळ्यानं नेली तेव्हाच कशी बिघडली? आणली त्या दिवसापासून धूर आहे. त्या दिवसापासून! लेखी पुरावा आहे माह्यापाशी. शोभे, वही काढ. वाच यांच्यासमोर.’

वही माझ्या पिशवीत होती. मी उघडली आणि वाचायला लागले. पहिला शनिवार, धूर नाही, हादरा नाही. दुसरा शनिवार, धूर नाही, हादरा नाही. तिसरा. चौथा. बाबा म्हणाले, ‘पुढचं वाच.’ मी पुढचं वाचलं. पोळ्याच्या आधीचा, नंतरचा, दसऱ्याचा, दिवाळीचा. धूर नाही. मामा चपला घालून परत गेला त्या आठवड्याचा. धूर नाही. मेश्राम बोटांवर मोजत होता. सदतीस शनिवार झाले. अडतिसावा संक्रांतीनंतरचा होता: धूर थोडा, पांढरा, एक मिनिट.

‘म्हंजे गाडी वापस आल्यावर आठ-नऊ महिने धूरच नव्हता,’ मेश्राम म्हणाला. ‘मी कोणाचं नाव घेत नाही. मी नोझल पाहतो.’

बाबांनी माझ्या हातातून वही घेतली, पहिली काही पानं उलटली आणि बंद केली. आई त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती.

‘तुले माहीत होतं?’

मी बाबांच्या हातातल्या वहीकडे पाहिलं.

‘मी चंद्राले ओवाळलं तवा तुले माहीत होतं?’

‘हो.’

‘बापाले भेली होती का?’

‘हो.’

‘बापाचीच पोरगी आहेस,’ ती म्हणाली आणि स्टुलावर जाऊन बसली.

मेश्रामने टाकी रिकामी करून धुतली, फिल्टर आणि ऑईल बदललं, तिसऱ्या नळीवर नवं नोझल बसवलं. साडेतीन वाजले. इंजिन सुरू झालं तेव्हा आरसा हलला नाही. सुरुवातीला थोडा धूर आला आणि गेला. तो बाबांना म्हणाला, ‘आता घरी नेऊन उभी करू नका. चांगली पळवा, खूप गरम होऊ द्या. महिन्यातून दोनदा वीस-पंचवीस किलोमीटर. पाच मिनिटं अजिबात नाही.’ बाबांनी पैसे मोजून दिले.

परतताना बाबा जोरात चालवत होते. कापसाच्या गाड्या मागे टाकत होते, हॉर्न दाबून ठेवत होते. मोहगावकडे वळायची जागा जवळ आली तेव्हा मागच्या सीटवरून आई म्हणाली, ‘वळवा.’

‘आज नाही.’

‘ठरलं होतं. तोंड उघडायचं नाही.’

त्यांनी वळवली.

मामाच्या दारात जीप थांबली तेव्हा ऊन उतरलं होतं. बाबा खाली उतरले नाहीत. इंजिन चालूच ठेवून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर पाहत बसले. मामा बाहेर आला. बहिणीला पाहिलं, मग जीप पाहिली, मग इंजिनाचा आवाज ऐकला.

‘या, जवाईबापू,’ तो म्हणाला. ‘बहुत गोड चालून राहिली. आणू का दोन डबे?’

‘तूच म्हणला होता टाकलं म्हणून. दहा लोकाईत.’

‘दहा लोकाईत तुमी विचारलं. घरी येऊन विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं.’

‘खोटं बोलाले लाज नाही वाटली?’

‘अन् तुमाले खरं वाटाले?’

मामाने खिडकीतून हात आत घातला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. ‘उतरा,’ तो म्हणाला. बाबांनी त्याचा हात झटकला, इंजिन पुन्हा सुरू केलं आणि गिअर टाकला. आई तोवर उतरली होती. तिच्याकडे पिशवी नव्हती. बाबांनी तिला विचारलं, ‘कधी येशीन?’ ती म्हणाली, ‘तुमी जा.’ मग कमरेची किल्ली काढून तिने खिडकीतून माझ्या मांडीवर टाकली आणि आत गेली. मामीने दार लोटून घेतलं.

बाबा आणि मामा त्यानंतर एकमेकांच्या घरी गेले नाहीत. आई अकराव्या दिवशी दुपारच्या बसने एकटी सौंसरला आली, अंगावर मामीची साडी होती. संध्याकाळी तिने पातोडीची भाजी केली. बाबा जेवले. माझ्याशी ती पहिलं वाक्य बोलली ते त्यानंतर चौथ्या दिवशी, स्वयंपाकघरात. ती म्हणाली, ‘मीठ दे.’ मी दिलं.